अर्थ वाचकावर सोडा

आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. कवळीवाल्याची बायको त्याला सोडून जायच्या तयारीला लागली होती. चोरून नव्हे, चांगली त्याच्या डोळ्यांदेखत. त्याने ती तयारी सुरुवातीपासून पाहिली. नुसती पाहिली नाही, लिहून काढली, स्वल्पविराम जागच्या जागी देऊन. आणि त्यातलं त्याला काडीचंही कळलं नाही.

माणूस मठ्ठ होता म्हणावं तर तसंही नाही. कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात दुसरा कुणी नव्हता. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत आणि हा आपल्या कामाच्या खोलीत, दिव्याखाली मान घालून, त्या साच्यांवर मेणात दात बसवत असे. पिवळसर पांढरा, करडा पांढरा, चहाबाज माणसाचा पांढरा, असे पांढऱ्याचे नाना प्रकार त्याला नुसत्या नजरेने ओळखता येत. सगळे दात एका ओळीत सरळ बसवले की कवळी खोटी दिसते, म्हणून पुढचा एखादा दात तो मुद्दाम केसभर तिरका ठेवी. इतकी बारीक नजर. पण दात मुकाट समोर पडून राहतात आणि बायको म्हणजे दात नव्हे, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला फार उशीर झाला.

बायको गाडी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि जीव मुठीत धरून गावभर फिरायचं, हे तिचं काम. ‘भल्याभल्यांना मी रस्त्यावर आणलंय,’ असं ती म्हणे आणि स्वतःच हसे. शिकाऊ कितीही घाबरट निघो, तिचा आवाज चढत नसे. एकदा सांगायची, एकदा करून दाखवायची, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायची आणि समोरच्याला करू द्यायची. 

लिहिण्याची खोड त्याला पहिल्यापासून होती. लग्न झाल्यावरही तो अधूनमधून काहीबाही खरडायचा आणि बायकोला वाचून दाखवायचा. ती भाजी चिरता चिरता ऐकायची. मध्येच म्हणायची, “अहो, हा तुमचा काका फारच बोलतो. झोपवा त्याला जरा.” आणि हा खरोखरच पुढच्या पानावर काकाला झोपवून टाकायचा. त्यात नाव नव्हतं, छापणं नव्हतं, पण दोघांनाही मजा होती. लेक लहान होती तेव्हा तीही मांडी घालून ऐकायला बसे, आणि गोष्टीतल्या कुणाचं पुढे काय करायचं यावर मायलेकींचं भांडण जुंपे.

मग लेक शिकायला दूरच्या शहरात गेली. घर खायला उठलं. अशातच एका सुट्टीच्या दिवशी कवळीवाल्याच्या मोबाइलवर जाहिरात आली की तुमच्यातला लेखक जागा करा. त्याने केला. जागा झालेला लेखक मग झोपायचं नाव घेईना.

पहिल्या वाक्याची ताकद, पात्र कसं उभं करावं, लेखकाची सकाळ कशी असावी, असे एकामागून एक ऑनलाइन कोर्स त्याने केले. फुकटात मिळणाऱ्या सगळ्या पीडीएफ उतरवून घेतल्या. कादंबरी पूर्ण कशी करावी यावर त्याने इतके व्हिडिओ पाहिले की तेवढ्या वेळात एक कादंबरी सहज पूर्ण झाली असती. संध्याकाळी घरी आला की कानात इअरफोनचं ते बोंडूक घालून बसायचा. बायकोने काही विचारलं तर एका कानातलं काढायचा, ‘हं’ म्हणायचा आणि परत घालायचा.

शेवटी तो एका साइटवर स्थिरावला. ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सरांचे नियम मोजके आणि कडक. पहिला नियम, घरच्यांना वाचून दाखवू नका. घरचे एक तर खोटं कौतुक करतात, नाही तर उगाच नाक मुरडतात. कवळीवाल्याने तो त्याच दिवसापासून पाळला. बायकोने विचारलं, “हल्ली काही वाचून दाखवत नाही?” तर म्हणाला, “अजून कच्चं आहे.” ते तसंच कच्चं राहिलं, निदान तिच्यापुरतं.

दुसरा नियम होता रोजच्या तुकड्याचा. रोज घरातला एक छोटा प्रसंग लिहायचा आणि साइटवर टाकायचा. त्यात फक्त जे दिसलं ते. का, कशासाठी, मनात काय असेल, असले प्रश्न स्वतःला विचारायचे नाहीत. समोरच्या माणसाला तर मुळीच विचारायचे नाहीत, विचारलं की प्रसंग नासतो. सर व्हिडिओत बोट वर करून सांगायचे, “तुम्ही डोळा आहात. डोळा बोलत नाही. अर्थ वाचकावर सोडा.”

कवळीवाल्याला हे एकदम पटलं. आयुष्यभर तो दुसरं काय करत आला होता? आणि पाहायचं म्हटल्यावर घरात दुसरं होतं कोण? तो बायकोकडे पाहू लागला. इतक्या वर्षांत पाहिलं नसेल असं पाहू लागला.

आणि नेमकी तेव्हाच तिची तयारी सुरू झाली होती. शेजारच्या गावात ड्रायव्हिंग स्कूलची नवी शाखा निघत होती आणि ती सांभाळायला मालकाने हिला विचारलं होतं. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तिने लगेच हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

एका सकाळी तिने त्याला कपडे धुवायच्या मशीनसमोर उभं केलं. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, पावडर इथे, हे बटण आधी, ते नंतर. मग स्वतः बाजूला झाली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. “आता तुम्ही करा.” त्याने केलं, चुकलं. “परत,” ती म्हणाली. कवळीवाल्याने संध्याकाळी तुकडा लिहिला: मशीनच्या गोल काचेत दोन चेहरे, एक शिकणारा, एक शिकवून झालेला. साइटवर पुष्कळ लोकांनी पसंतीचे लाल बदाम टाकले.

मग बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या. साखर, चहा, अगदी मिठावरसुद्धा मीठ. त्यावरही तुकडा झाला. गॅसवाला, वीजवाला, नळवाला यांचे नंबर तिने त्याच्या फोनमध्ये घालून दिले आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कसला माणूस आहे तेही, म्हणजे नळवाल्यापुढे ‘उशिरा येतो, पण काम चोख’. याचा तुकडा तर सरांनी स्वतः उचलून साइटवर सगळ्यात वर लावला. मग कपाटाची अर्धी बाजू रिकामी झाली. त्याने लिहिलं, कपाटाला आता श्वास घेता येतो. ऐन उन्हाळ्यात तिने आपले लोकरीचे कपडे धुवून, कोरडे करून, पिशवीत बांधले. त्याने लिहिलं की पिशवीची गाठ तिने दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा घट्ट मारली. बाल्कनीतल्या कुंड्या तिने शेजारणीला दिल्या. त्याने कुंड्यांखाली उरलेल्या ओल्या वर्तुळांवर असं काही लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

आणि मग तो टेबलाचा प्रसंग. तो नसता तर बाकी सगळं एक वेळ माफ करता आलं असतं.

रविवारची दुपार होती. तो टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “तुमच्याशी बोलायचं होतं जरा.” त्याने लॅपटॉप मिटला. कानातलं काढून बाजूला ठेवलं. अगदी सगळं टाकून तिच्याकडे पाहू लागला, आणि इथेच घात झाला. कारण पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं की हा फार सुंदर प्रसंग चालू आहे. तिने बोटाने टेबलावरचा पाण्याचा थेंब पसरवत नेला. एकदा तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. ‘काय झालं गं?’ हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण विचारलं की प्रसंग नासतो. तो डोळा होऊन बसून राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “काही नाही. चहा घेणार?” तो घेतो म्हणाला. तिची पाठ वळल्याबरोबर त्याने लॅपटॉप उघडला, कारण पाण्याची ती रेघ विसरायच्या आत लिहायची होती.

त्याच आठवड्यात सरांच्या निवासी शिबिराला त्याची निवड झाली. शहरापासून लांब, टेकडीवरचा एक जुना बंगला, निवडक लोक, चार दिवस नुसतं लिहायचं आणि वाचायचं. त्याला आभाळ ठेंगणं झालं. बायकोला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “कधी जाताय?” त्याने सांगितलं. “बरं,” ती म्हणाली. “जा तुम्ही. तेच बरं.” त्याची बॅग तिनेच भरून दिली, आणि निघताना दारात उभी राहून, कधी नव्हे ते, त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. बसमध्ये त्याने त्याचाही तुकडा करून टाकला.

शिबिरात शिरताना दारातच एक मोठा बिस्किटांचा डबा होता. त्यात सगळ्यांनी आपापले फोन टाकायचे आणि शेवटच्या दिवशी घ्यायचे. राहायच्या खोल्या लहान, टेबलं खिडकीकडे पाठ करून मांडलेली, कारण बाहेर टेकडी फार छान दिसायची आणि सरांचं म्हणणं, छान दिसायला लागलं की लेखक आळशी होतो. दुपारी सगळे मोठ्या खोलीत जमत. एकाने वाचायचं. वाचून झालं की त्या लेखकाची ‘भिंत’ होई. म्हणजे त्याने उठून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचंही नाही, आणि बाकीच्यांनी तो तिथे नाहीच असं समजून त्याच्या लिखाणाची चिरफाड करायची. पहिल्या दिवशी एका वकिलांची भिंत झाली. आयुष्यभर कोर्टात तोंड चालवलेला माणूस, गप्प बसून बसून लालबुंद झाला होता.

कवळीवाल्याची पाळी दुसऱ्या दिवशी आली. त्याने रोजच्या तुकड्यांतले निवडक एकापुढे एक लावले होते. मशीन, बरण्या, नंबर, कपाट, पिशवीची गाठ, कुंड्या, आणि शेवटी पाण्याची रेघ. वर नाव दिलं होतं, ‘संसार’. त्याच्या मते हे सगळं मुरलेल्या प्रेमाचं चित्र होतं. बायको शिकवते, नवरा शिकतो, घर कसं हळूहळू लखलखीत होत जातं. त्याने नीट, सावकाश वाचलं. संपलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. चांगलं झालं, हे त्याला त्या शांततेवरूनच कळलं. तो उठला आणि स्टुलावर जाऊन भिंत झाला.

आधी बोलल्या त्या मुख्याध्यापिका. निवृत्त झालेल्या, चष्मा साखळीला लावलेला, आणि अजूनही समोरचे सगळे तिसरीत आहेत अशा आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “निघाली बिचारी.”

“कोण?” कुणीतरी विचारलं.

“ही बाई हो. नवऱ्याला सोडून चाललीय. पहिल्या पानावरच कळतं. घर लावून देतेय त्याला, मुलाला वसतिगृहात ठेवताना आई देते तसं.”

कवळीवाल्याला आधी हसूच आलं. भिंतीला हसायचं नसतं म्हणून त्याने ते गिळलं. वाचक काय वाटेल तो अर्थ लावतो, सर म्हणतातच. पण मग त्या खोलीत कुणीही मुख्याध्यापिकाबाईंना अडवलं नाही. उलट सगळे माना डोलवत होते. कपाट, लोकरीचे कपडे, कुंड्या, एकेक गोष्ट ते पत्त्याचं पान टाकावं तशी पुढे टाकत होते, आणि प्रत्येक पान हुकमाचं निघत होतं. 

“प्रश्न तिचा नाहीच,” एक तरुण पशुवैद्य मुलगी म्हणाली. “प्रश्न नवऱ्याचा आहे. त्याला कळत कसं नाही? इतका मूर्ख माणूस असतो?”

“मूर्ख नाही,” वकील म्हणाले. कालचं गप्प बसणं ते आज भरून काढत होते. “त्याला सगळं माहीत आहे. माहीत असल्याशिवाय एवढं बारीक कोण बघतं? गाठ किती वेळा सोडली ते मोजतोय तो. तिने बोलायला तोंड उघडलं आणि हा गप्प. का? तिने जावं अशी त्याची इच्छा आहे, फक्त ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नाही. आतल्या गाठीचा माणूस आहे. माझ्या मते दुष्ट आहे.”

मग मूर्ख की दुष्ट यावर वाद रंगला. चहा आला, वाद चालूच राहिला. भिंत स्टुलावर बसून होती आणि तिला दरदरून घाम फुटला होता. मूर्ख म्हणणारे कमी होते, ते त्याच्या लक्षात आलं. सगळ्यात शेवटी सर बोलले. म्हणाले, या शिबिरात आजवर वाचलं गेलेलं हे सगळ्यात चांगलं लिखाण आहे. लेखकाने काहीही न सांगता सगळं सांगितलं. शिबिराच्या यंदाच्या कथासंग्रहात हीच कथा पहिली असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्यांसाठी कवळीवाल्याने कितीतरी संध्याकाळी कानात बोंडूक घालून घालवल्या होत्या.

भिंतपण संपल्यावर तो सरळ सरांकडे गेला आणि फोन मागितला.

“चांगली चर्चा झाली की लेखकाला असं होतं,” सर प्रेमाने म्हणाले. “पळून जावंसं वाटतं. पळू नका. हे जे आत्ता होतंय ना तुम्हाला, ते लिहा.”

“सर, ती माझी बायको आहे.”

सरांना क्षणभर कळेना. मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी स्वतः जाऊन डबा आणून दिला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही. शिकवताना ती कधीच उचलत नाही, त्याने स्वतःची समजूत घातली. बॅग खोलीत तशीच टाकून तो टेकडी उतरला आणि मिळेल त्या बसमध्ये चढला. उभ्यानेच गेला. वाटेत डोक्यात एकच घोळत होतं की अजून वेळ गेलेली नाही, मी मूर्ख आहे, एवढंच तिला जाऊन सांगायचं आहे. मूर्ख माणसाला बायका सांभाळून घेतात. जगात ही काही पहिली वेळ नसेल.

तो पोचला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी दारात उभी होती, टपावर शिकाऊचा फलक, मागची सीट सामानाने भरलेली. बायको दिवाणखान्यात पडद्यांच्या क्लिपा तपासत होती. त्याला दारात पाहून ती घाबरली नाही, फक्त गोंधळली.

“लवकर आलात? रविवारपर्यंत होतं ना?”

“तू चाललीस?”

“हो,” ती म्हणाली. “म्हणजे, तुम्ही यायच्या आत. तसंच ठरलं होतं ना आपलं.”

“कधी ठरलं? काय ठरलं होतं?”

“बोलून नाही ठरलं. पण तुम्ही चार दिवस जातो म्हणालात, तेव्हा मी समजले. समोरासमोर नको म्हणून मला घर मोकळं करून देताय. खरं सांगू? मला चांगुलपणाच वाटला तो तुमचा.”

तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. म्हणाला, “मला काही माहीत नव्हतं गं.”

“असं कसं माहीत नव्हतं? सगळं तर लिहिलंय तुम्ही.” आणि त्याचा चेहरा पाहून पुढे म्हणाली, “वाचते मी. लेकीने साइट दाखवली. तुम्ही वाचून दाखवणं बंद केलंत, मग म्हटलं, तिथे तरी वाचू. दोन शिकाऊंच्या मध्ये वेळ असतो, गाडीत बसून वाचायचे. रोज.”

 कवळीवाल्याने लिहिलेलं रोज वाचणारा एवढा एकनिष्ठ वाचक जगात दुसरा नव्हता, आणि त्याची त्याला कल्पनाही नव्हती.

“कपाटाचं वाचलं,” ती सांगू लागली. आवाज नेहमीसारखाच, शिकाऊशी बोलताना असतो तसा. “म्हटलं, चला, यांच्या लक्षात आलं. आता संध्याकाळी विचारतील. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, चार्जर कुठेय. मग लोकरीचे कपडे काढले. उन्हाळ्यात कोण काढतं हो? तेही आलं लिहून. गाठीसकट. पण विचारलं नाहीत. कुंड्या तर द्यायची काही गरजच नव्हती, तिथे चांगली गच्ची आहे. पण म्हटलं, कुंड्या दिल्यावर तरी विचारतील. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून वाचलं ते. फार छान लिहिलं होतं. मी रडले. शिकायला आलेली एक म्हातारी विचारायला लागली, काय झालं बेटा.”

“मला वाटलं तू... मला शिकवतेयस. तुला सवय आहे म्हणून.”

“आणि टेबलाशी?”

तो तिच्या हातातल्या पडद्याच्या क्लिपेकडे पाहू लागला. 

“त्या दिवशी तुम्ही सगळं बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलंत. वर्षं झाली असतील असं बघून. मला वाटलं, आता म्हणतील. आणि तुम्ही गप्प. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात सगळं होतं. मी तोंड कितीदा उघडलं तेसुद्धा. मग माझी खात्रीच झाली की यांना कळलंय आणि यांना मला थांबवायचं नाहीये. इतकं दिसूनही जो माणूस एक शब्द बोलत नाही, त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा, तुम्हीच सांगा.”

“मला खरंच कळलं नव्हतं,” तो परत म्हणाला. “शप्पथ. तिथे लोकांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी मूर्ख आहे गं, दुष्ट नाही.”

बसमध्ये हेच वाक्य त्याने घोकून ठेवलं होतं, आणि ते सांगितलं की सगळं सुटेल असं त्याला वाटत होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसत गेला, हे त्याला दिसलं. आणि तो बसत गेला तसतसा तिचा चेहरा पडत गेला, तेही दिसलं.

“मग हे जास्त वाईट झालं,” ती हळूच म्हणाली. “मी तुमच्यावर रागावून निघाले होते. राग तरी होता सोबतीला. आता तर... म्हणजे मी एवढा जीव तोडून जे करत होते, ते तुम्हाला नुसतं छान दिसत होतं?”

तो उठला. तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “थांब. जाऊ नको.” 

तिचे डोळे भरून आले. “त्या दिवशी टेबलाशी मी थांबायलाच बसले होते हो,” ती म्हणाली. “नुसतं काय झालं म्हणून विचारलं असतंत तरी फोन करून नाही म्हणून टाकलं असतं. आता तिकडे शब्द दिलाय. सोमवारपासून माणसं यायची आहेत शिकायला.” मग डोळे पुसून, “आणि आता तुम्ही थांब म्हणताय, ते तुम्हाला वाटतंय म्हणून, की त्या लोकांनी सांगितलं म्हणून, हे मला ओळखता येत नाही. मला वेळ द्या. तुम्हीही घ्या.”

त्याला सांगायचं होतं की मला वाटतंय, माझं मला वाटतंय. पण इतक्या दिवसांत स्वतःला काय वाटतं ते कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते बोलून दाखवायची सवय मोडली होती. तो नुसता मान हलवत राहिला. ती म्हणाली, फ्रिजमध्ये दूध आहे, आज तापवून ठेवा. पोचले की फोन करते. त्याने विचारलं, लेकीला माहीत आहे का. ती म्हणाली, तिला वाटतं आपण दोघांनी मिळून ठरवलंय.

तो गाडीपर्यंत गेला. शेवटची पिशवी त्याने मागे नीट बसवली, वरून काही घसरणार नाही ना हे हाताने दाबून पाहिलं. ती स्टिअरिंगशी बसली. खिडकीची काच खाली होती. अजूनही काहीतरी म्हणता आलं असतं, नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. 

तिने आधी सीट पुढे घेतली, मग पट्टा लावला, मग आरसा फिरवला. आरशात तिची नजर आली आणि त्याच्यावर थांबली, वाट पाहिल्यासारखी. आणि कवळीवाल्याच्या डोक्यात आपोआप शब्द जुळायला लागले, की तिने आरसा फिरवला, मागचं सगळं दिसेल इतपत. इतपत नको, फार होतं ते. मागचं दिसेल असा, एवढंच बरं. हे बरोबर वाटतंय असं म्हणून त्याने वर पाहिलं, तर गाडी कोपऱ्यावर पोचली होती, दिवा लुकलुकला, आणि ती वळली. हाक मारायची राहून गेली.